आभाळातला य

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. गोष्ट एका अक्षराची आहे. एका अक्षरासाठी एवढं काय — असं तुम्हाला वाटेल. मीही इतकी वर्षं स्वतःची तीच समजूत घालत आले. आता वैताग आलाय त्या समजुतीचा.

आधी घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही सिंदी रेल्वेचे. बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम असला की काम, ऊन तापलं की फाटकाला कुलूप. मग बाबा कोणाच्या घराला चुना मार, कोणाच्या मांडवाचे बांबू रोव, असं करत हिंडायचे आणि आई लोकांच्या शेतात निंदणाला जायची. आषाढात संध्याकाळी काय शिजणार हे आईला दुपारपर्यंत माहीत नसायचं. शेजारी टीव्ही होता, तो आम्ही खिडकीच्या गजांतून पाहायचो. शेजारणीचं डोकं फिरलं की ती खिडकी लावून घ्यायची. या घरातून दहावी झालेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही मीच पहिली. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मला याचा अभिमान आहे. आजही आहे — आणि सगळी भानगड त्या अभिमानातूनच झाली आहे.

बाबांचं काम हमालीचं नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवा. ते मार्केवाले होते. कापूस दाबून गाठ बांधली की तिच्यावर मालकाचं नाव आणि नंबर उठवायचा असतो, त्याला मार्का म्हणतात. पत्र्यात अक्षरं कापून साचा करायचा, तो गाठीवर धरायचा आणि वरून काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. साचा कापणं हे खरं काम. अक्षराच्या पोटातला पत्रा गळून पडू नये म्हणून मध्ये बारीक दुवा सोडावा लागतो. तो कुठे सोडायचा ते बाबांच्या हाताला कळायचं. गंमत अशी की सहीपुरतं नाव सोडलं तर त्यांना अक्षरं लिहिता यायची नाहीत, कापता यायची. मुनीम लिहून द्यायचा आणि बाबा ते चित्रासारखं कापायचे. वाचायचं म्हटलं तर मोठी अक्षरं तेवढी, तीही बोट ठेवून. पण त्यांनी कापलेला मार्का कधी परत आला नाही. पुरुषोत्तमचा हात चुकत नाही, असं जिनमध्ये मुनीमच म्हणायचा.

आता चॅनेल. प्रेसिंगच्या मालकांचे धाकटे भाऊ मदनशेठ, त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गच्चीवर मोठी डिश, गावभर वायरी. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की आपलं स्वतःचं चॅनेल पाहिजे. शाळांची गॅदरिंगं, कापसाचे भाव, वराती, कोण वारलं, असं सगळं दाखवायचं. नाव काय ठेवायचं? शेठ म्हणाले, "डिशचं तोंड कुठं आहे? आभायाकडं. बस, आभाय रखो."

झालं. नाव ठरलं. निशाणी पाहिजे. कॉम्प्युटरवर करून देणारा नागपूरला, आणि शेठला घाई. त्यांनी बाबांना बोलावलं. "पुरुषोत्तम, गाठीवर मारतो ना, वैसाच एक मार्का हमको बना दे. टीव्हीवर मारायचा आहे."

बाबा पत्रा घेऊन घरी आले. मी दहावीत होते. शुद्धलेखनात वर्गात पहिली, आणि ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक असावं याची काळजी घेणारी. बाबा म्हणाले, "संगे, खडू घे. आभाय लिहून दे पत्र्यावर. मोठं लिहिजो."

मुनीमाला सोडून बाबांनी मला सांगितलं होतं! मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि लिहिलं. आ. भा. य.

आमच्याकडे ळ तोंडात राहत नाही. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, दिवाळी म्हणजे दिवायी. आमचे मास्तरसुद्धा शुद्धलेखन सांगताना आभायच म्हणायचे. पण पुस्तकात मी आभाळ वाचलेलं होतं ना? कितीदा तरी वाचलेलं होतं. मग य कुठून आला? तोंडातून थेट हातात आला. हात अडखळला नाही, शंका आली नाही. बाबांनी त्या खडूवरून छन्नी चालवली, कडा कानशीनं घासल्या, खडू फडक्यानं पुसून टाकला. लिहिलेलं गेलं, कापलेलं राहिलं.

'आभाळ' वाहिनीचं पहिलं बोधचिन्ह ते. लाकडी खोकं, तोंडाला बाबांचा पत्रा, आत बल्ब. रोज संध्याकाळी कॅमेरा त्याच्यासमोर लावायचे आणि बल्ब पेटवायचे. अंधारात तीन अक्षरं उजळून निघायची. आता आम्ही शेजारच्या खिडकीत उभे राहिलो की शेजारीण आत बोलवायची — पुरुषोत्तमभाऊंचा मार्का आहे ना टीव्हीवर! आणि विश्वास ठेवा, वर्षानुवर्षं एकाही माणसाला ते चुकलेलं दिसलं नाही. कसं दिसणार? वाचणाऱ्याच्या तोंडातही तो यच होता.

मला दिसलं. वर्ध्याला कॉलेजात, मराठी घेऊन बी.ए. करत होते. पहिल्याच वर्षी सरांनी फळ्यावर ळ काढला आणि वऱ्हाडी बोलीत त्याचा य होतो हे सांगितलं. सगळा वर्ग हसला, कारण सगळ्यांच्या घरी होत होता. मी पण हसले. संध्याकाळी गाडीतून सिंदीला उतरले, शेठच्या दुकानात टीव्ही लागलेला, खोक्यातला बल्ब नुकताच पेटलेला. माझं अक्षर. माझ्याच वळणाचा य, खाली जरा बाकदार.

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. शेठ हसले असते, बाबांनी दुसरा पत्रा कापला असता. पण सगळ्या गल्लीत शिकलेली म्हणून मिरवणारी मी — मी कशी सांगणार की चूक माझी आहे? गप्प बसले. पदवी मिळेपर्यंत रोज तो य पाहत गप्प बसले.

मग चॅनेलचा वाढदिवस आला. शाळेच्या मैदानात स्टेज, मागे ते खोकं सजवून ठेवलेलं. सूत्रसंचालन माझ्याकडे, नवी पदवीधर, साडी नेसून उभी. पाहुणे म्हणून पुण्याकडचे एक प्राध्यापक आणले होते. ते बोलायला उठले, मागे वळून पाहिलं आणि माइकवरच म्हणाले, "आभाय? अहो, तुमच्या तर नावातच आभाळ फाटलंय."

मैदान हसलं. शेठचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मोठ्या भावांनी विचारलं, "ये किसका कारनामा है रे?"

"पुरुषोत्तम मार्केवाल्याचा," शेठनी सांगितलं.

"तरीच. गाठी दाबता दाबता अक्षरबी दाबलं भाऊनं," कोणीतरी खालून बोललं आणि मैदान पुन्हा हसलं.

बाबा मागे, खुर्च्यांच्या शेवटी उभे होते. ते पण हसले. सगळे हसतात म्हणून हसतात ना, तसं.

पाहुणे माझ्याकडे वळले. तुम्ही मराठीच्या पदवीधर, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आलं होतं, सर. पण कोणाचं मन दुखवायचं नव्हतं." टाळ्या पडल्या. मला, संस्कारी म्हणून. शेठनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून बातम्या ही वाचणार, आणि नावातली चूकही हीच सुधारणार. माझी पहिली नोकरी मला अशी मिळाली.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. इथवर निदान घाबरटपणा होता असं म्हणता येईल. पुढचं ऐका.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि मला विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. "संगे, ते अक्षर तं तूनंच लिहून देल्लं होतं ना?"

मी म्हटलं, "मी ळच लिहिला होता, बाबा. तुमच्याकडून कापताना झालं ते."

मग मी पुढचं बोलले — हे मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं. मी म्हटलं, "ळला दोन वाट्या असतात. पत्र्यात त्या गळून पडल्या असतील. तुम्ही मग सरळ करून टाकला."

कळतंय का तुम्हाला, मी काय केलं ते? नुसती नाही म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. त्यांना आठवत होतं, ते खडूच्या रेघेबाहेर कधी गेले नव्हते. म्हणून मी त्यांचंच काम त्यांच्यावर उलटवलं. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून जे शिकले — पोटातला पत्रा गळतो, दुवा सोडावा लागतो — ते वापरलं. पदवीचं ज्ञान आणि घरचं ज्ञान, दोन्ही एका खोट्यासाठी. खडू तर केव्हाच पुसलेला होता. पुरावा काही नव्हता.

बाबा स्वतःच्या हातांकडे पाहून म्हणाले, "असंन. वाट्या पडतेत त्याच्या." आणि जेवायला बसले.

पुढच्या हंगामात मुनीमानं नवा मार्का कापायला दिला तर बाबा म्हणाले, दुसऱ्या कोणाले द्या. मुनीम चिडला, नखरे करून राह्यला म्हणाला. बाबांनी छन्नी हातात घेतली नाही. मार्क्याचं काम सुटलं म्हणून गाठी लोटायला लागले, पाठीला पट्टा बांधून. गावातली पोरं 'आभाय आला, आभाय आला' म्हणून ओरडायची. ते मी सहन करू शकले, खोटं कशाला बोलू. सहन झालं नाही ते वेगळंच. ज्या माणसानं आयुष्यात हातचं काम कोणाला तपासायला दिलं नव्हतं, तो बँकेच्या कागदावर सही केली की माझ्यापुढे धरायला लागला. "पाह्यजो बरं. बरोबर हाय काय?" स्वतःचं नाव! अजूनही धरतात. मी पाहते आणि म्हणते, बरोबर आहे, बाबा. दर वेळी.

आणि आमच्या चॅनेलचं म्हणाल तर ज्या बोधचिन्हासाठी एवढं झालं, त्याची कोणाला काय पडली होती? मी ळ सुधारला, तो नागपूरहून सीडीवर आला. सोनेरी अक्षरं गरगर फिरायची आणि मागे धूमकेतू. दोन दिवाळ्यांत शेठ कंटाळले. मग ढग आला, हसणारा, लहान मुलांच्या बिस्किटावर असतो तसा. मग चॅनेल वर्ध्याला हललं, तर ढग काढून लाल पट्टी आणि 'आभाळ २४ तास' — बातम्या अर्धा तास, बाकी भजनं आणि जाहिराती. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले तेव्हा कोणीतरी सांगितलं की इंग्रजी अक्षर असलं की मोठं वाटतं, म्हणून निळ्या गोळ्यात ए बसवला. त्याच्या उद्घाटनाला मीच नारळ फोडला. हल्ली मोबाइलवर दिसायचं म्हणून सगळं कापून नुसता आ ठेवलाय. भा गेला, ळ पण गेला! ज्या ळसाठी मी बापाला खोटं पाडलं, तो ळ आता चॅनेलवर नाहीच. डोकं आपटावं कुठे?

तरी एवढ्यावर मिटलं असतं. पण शेठचा मुलगा निखिल शिकून आला आणि त्याला इतिहास सुचला. चॅनेलच्या सगळ्या बोधचिन्हांवर एक फिल्म करायची. अडगळीतून त्यानं तो पत्रा शोधून काढला, गंजलेला, आणि नाचायलाच लागला. "ताई, हे गोल्ड आहे. आपली बोली, आपला पत्रा! काकाजींना बोलवा ना. ते कॅमेऱ्यासमोर सांगतील ही गंमत."

मी त्याला नाही म्हणाले. तब्येत बरी नसते त्यांची, म्हणाले. ते बोलत नाहीत फारसे, म्हणाले. चॅनेलमागोमाग मीही आई-बाबांना घेऊन वर्ध्याशेजारी पिपरी मेघेला राहायला आले होते; तो पठ्ठ्या परस्पर तिथे घरी गेला आणि बाबांशी बोलून आला. मी संध्याकाळी घरी पोचले तर बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिलेला. आई म्हणाली, "दाढी करून बसले, पाह्य. लगन हाय जसं याचं."

मुलाखत कोणी घेतली? मीच घेतली, मी वृत्तसंपादक. बाबांना खुर्चीवर बसवलं, कॉलरला माइक लावला. लावलेला काढून मी तो पुन्हा लावला तेव्हा ते म्हणाले, "घाबरू नको, मले येते बोलता." मग मी कॅमेऱ्याकडे पाहून, बातम्यांच्या आवाजात विचारलं: पहिल्या बोधचिन्हात ळच्या जागी य कसा आला?

"पोरीनं बरोबर लिहून देल्लं होतं," बाबा म्हणाले. "माया हात चुकला. ळच्या वाट्या पडतेत ना पत्र्यात. तरी दुवा सोडाले पाह्यजे होता मी. काऊन नाई सोडला, काय मालूम." आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

निखिल म्हणाला, काय बोलले काकाजी, एकदम दिलसे. मी माइक काढला. ती फिल्म मीच जुळवली. ते वाक्य काढून टाकता आलं असतं — ठेवलं. कारण ते चांगलं होतं. बातमीदाराला चांगलं वाक्य सोडवत नाही, ही एक आणखी घाण सवय.

फिल्म लोकांना आवडली. बाबांचा तेवढा तुकडा मोबाइलवरून फिरला. भाजीबाजारात लोक बाबांना थांबवतात, फोटो काढतात. सिंदीच्या ज्या पोरांनी त्यांना चिडवलं ती आता बाप झालेली पोरं फोन करून काकाजी, काकाजी करतात. आणि मला सगळे सांगतात, किती मोठ्या मनाचे वडील आहेत तुझे. मध्यंतरी मला वाटलंही होतं की झालं ते बरं झालं, म्हातारपणी नाव झालं त्यांचं, आता सांगून तो आनंद कशाला घालवा. असल्या पळवाटा मला फार लवकर सुचतात. शिकलेली आहे ना.

त्या फिल्मनंतर आठवड्याभरात एका संध्याकाळी अंगणात माझी मुलगी चित्रकलेसाठी पुठ्ठ्याचा साचा कापायला बसली. शाळेचं काही होतं. तिनं कात्री बाबांपुढे धरली, आजोबा तुम्ही कापा. बाबांनी हात मागे घेतले. "मायाकडून बिघडन, बेटा. तुया आईले सांग." मी दारात उभी होते. कात्री मी घेतली आणि कापलं. वेडंवाकडं कापलं गेलं. ते बघत होते, त्यांना कळत होतं मी कुठे चुकते आहे ते, आणि ते बोलले नाहीत.

म्हणून हे लिहायला बसले. एका मासिकाला पाठवणार आहे. इथवर लिहिलं आणि मग माझी मलाच चीड आली. मी छापून आणणार, लोक वाचणार, मला प्रामाणिक म्हणणार — आणि बाबा? त्यांना एवढी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. पुन्हा तेच. साऱ्या जिल्ह्याला कळेल आणि घरात एका माणसाला कळणार नाही. वाचून दाखवायला तर घरी मीच आहे.

काल सकाळी चहा झाल्यावर त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या ओळीपासून हे त्यांना वाचून दाखवलं. 'आ. भा. य.' आलं तिथे आई भाजी निवडायची थांबली. बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ळ नव्हताच मंग खडूचा?" मी म्हटलं, नव्हता. यच होता. मी लिहिला होता. ते उठले आणि बाहेर जाऊन बसले.

कालपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. पाणी आईकडे मागतात. आज पोस्टाच्या पेन्शनचा कागद आला होता, त्यावर सही केली आणि मला न दाखवता पोस्टमनच्या हातात दिला.

त्यांचा हात चुकला नव्हता, हे आता त्यांना माहीत आहे.